ठिणगीची हकालपट्टी

जुन्या डिझेल गाड्या हौसेने सांभाळणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता आणि तिथे शिस्त राखायचं काम तिच्याकडे होतं. दिवसा ती कानांच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची. कट्ट्यावर कुणी तोंड सोडलं की ते बंद करायचं कामही तिचंच. म्हणून तिथे तिचं नाव पडलं सायलेन्सर. 'सायलेन्सरताई, जरा इकडे बघा' अशी हाक आली की ती हातातलं काम टाकून बघायची.

पूर्वी हे काम सोपं होतं. लोक गंजलेल्या दारांचे फोटो टाकायचे, एकमेकांना गॅस्केट पोस्टाने पाठवायचे, कुणाचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की घरात पाळणा हलल्यासारखे सगळे खूश व्हायचे. मग बातमी आली, की पुढच्या वर्षापासून शहराच्या मध्यभागात जुन्या डिझेल गाड्या आणता येणार नाहीत. त्या दिवसापासून कट्ट्याचं स्वास्थ्य गेलं.

बॅटरीवाल्यांचं म्हणणं, इंजिन काढा, मोटर बसवा, विषय संपवा. तेलवाले म्हणायचे, इंजिन काढलं तर उरलं काय, पत्र्याचा डबा? त्यापेक्षा हॉटेलांतून तळून उरलेलं तेल आणा, घरीच त्याचं बायोडिझेल करा, धूरही कमी आणि गाडीचा जीवही शाबूत. एक हायड्रोजनवाला होता. परदेशी गेलेल्या मुलाची आई वाट बघते तशी तो हायड्रोजनची वाट बघत होता. आज नाही तर उद्या, पण येणार हे नक्की. सगळेच अस्वस्थ होते आणि अस्वस्थ माणसं भांडायला कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात.

तिचं आणि तिच्या नवऱ्याचंही वेगळं नव्हतं. त्यांची जुनी व्हॅन दारात उभी होती. नवरा पोहायला शिकवायचा. सकाळी ओले टॉवेल व्हॅनमध्ये टाकताना दर वेळी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवायचा आणि मगच निघायचा.

त्या दिवशी सकाळी तिने चहाचं आधण ठेवलं आणि फोन उघडला, तर तक्रारींचा खच. सगळ्या एकाच माणसाविरुद्ध. त्याचं कट्ट्यावरचं नाव ठिणगी. तो पूर्वी रंगांच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, आता निवृत्त, एवढंच ठाऊक होतं. त्याने शिव्या घातल्या होत्या त्या तेलकट नावाच्या सदस्याला.

हा तेलकट म्हणजे कट्ट्यावरचा सगळ्यांत लाघवी माणूस. फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता आणि लिहायचाही गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखा. 'आपलं म्हणणं शंभर टक्के मान्य, तरी माझी एक छोटीशी शंका' असं. घरी थोडं थोडं बायोडिझेल करून बघत होता, बाटल्यांचे फोटो टाकायचा. मधाच्या रंगाचा तो द्रव उन्हात धरलेला असायचा आणि खाली कौतुकाचा पाऊस.

'अरे गाढवा,' ठिणगीने लिहिलं होतं, 'अक्कल गहाण टाकलीस का? तुझ्यासारख्या बिनडोक माणसाच्या हातात आगपेटी देऊ नये.' आणखी बरंच होतं. तिने पहिल्या तीन ओळी वाचल्या, आणि चहा उतू गेला.

"कुणाचा समाचार घेतेस सकाळी सकाळी?" नवऱ्याने विचारलं.

"ठिणगीचा. दोनदा समज दिली होती. आता बास."

"तोच ना, तुला फडतूस पंतोजी म्हणाला होता?"

"त्याचा काही संबंध नाही," ती म्हणाली. संबंध थोडा होता.

तिने ठिणगीचं लिखाण काढून टाकलं आणि त्याला आठवडाभरासाठी कट्ट्याबाहेर काढलं. खाली लिहिलं, 'मतभेद असू द्या, जिभेला हाड असू द्या.' लगेच आभारांची रीघ लागली. हायड्रोजनवाल्याने टाळ्यांचं चित्र टाकलं. तेलकटनेही लिहिलं, 'ताई, मनापासून आभार. ते काका वयाने मोठे आहेत, माझ्या मनात काही नाही. आज सुट्टी आहे, पहिल्यांदाच मोठा घाणा काढतोय. वाऱ्याने शेगडी विझते म्हणून शटर बंद करून बसणार आहे. फोन खराब होऊ नये म्हणून वर घरात ठेवतो. संध्याकाळी फोटो टाकतो!'

शुभेच्छांचा पुन्हा पाऊस. तिनेही एक अंगठा उंचावला आणि कामाला गेली.

दवाखान्यातली तिची खोली म्हणजे आत मऊ अस्तर लावलेली, एका बाजूला काच असलेली मोठी पेटीच. आवाज बाहेरून आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. समोरच्या माणसाच्या कानाला ती यंत्र लावायची, बारीक बारीक आवाज सोडायची, आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. आत फोन न्यायची सोय नव्हती. एरवी तिला ती शांतता आवडायची. आज मात्र सकाळच्या हकालपट्टीमुळे तिचं बूड खुर्चीवर टेकेना. एका बाईंची तपासणी करताना तिने तोच आवाज दोनदा सोडला, आणि बाईंनीच विचारलं, "अहो, ऐकू मला येत नाही की तुम्हाला?"

बाहेर आल्यावर तिने फोन पाहिला. ठिणगीचा ईमेल होता.

'बाई, मला हाकललंत, हरकत नाही. पण मी लिहिलेलं पूर्ण वाचलं होतंत का? की शिवी दिसली आणि कात्री चालवलीत? शिव्या सोडून उरलेलं वाचा. आत्ता वाचा.' खाली एक फोन नंबर.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हा काय बोलण्याचा प्रकार? फोन खिशात टाकून ती पुढच्या पेशंटचे कागद बघायला लागली. कागद बघता बघता नजर त्याच त्या ओळीवरून फिरायला लागली. शेवटी तिने काढलेलं लिखाण उघडलं. शिस्त राखणाऱ्याला ते दिसायचं, बाकी कुणाला नाही.

तीन ओळी शिव्यांच्या. मग चौथी ओळ अशी होती: 'तू तेलात घालतोस ते मेथेनॉल म्हणजे स्पिरिटच, त्याची वाफ डोळ्याला दिसत नाही आणि बंद जागेत साठून राहते. तू परवाच्या फोटोत ते उघड्या बादलीत ठेवलंयस आणि शेजारी गॅसची शेगडी पेटलेली आहे. थोडं थोडं करत होतास तोवर निभावलं. मोठ्या घाण्याला निभावणार नाही. मेथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही. आमच्या कारखान्यात एक माणूस कपडे झटकत धावत आला आणि आम्ही हसलो, वाटलं मुंगी चावली. तू राहतोस त्याच घराखाली हे करतोस. वर माणसं आहेत.'

त्यानंतर पुन्हा दोन ओळी शिव्यांच्या होत्या.

तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या. तिला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. हा माणूस राईचा पर्वत करत असेल? पण तेलकटचं ते वाक्य तिला आठवलं, शटर बंद करून बसणार आहे. त्या वाक्याखाली तिचा स्वतःचा अंगठा होता.

तिने नंबर लावला.

"कोण?" पलीकडून इतका चढा आवाज आला की तिला व्यवसायाच्या सवयीने वाटलं, याला ऐकू कमी येत असणार. तसं नव्हतं. तो तसाच बोलायचा.

"मी सायलेन्सर बोलतेय. कट्ट्यावरची."

"आली का जाग? तो कुठे राहतो?"

"मला माहीत नाही. इथे कुणी पत्ता देत नाही. पण मी त्याला निरोप टाकते, सगळ्यांना दिसेल असं लिहिते..."

"त्याचा फोन वर आहे, बाई! त्यानेच सांगितलं ना? मला बाहेर काढलंत तरी वाचता येतं मला, बोलता येत नाही फक्त. पत्ता शोधा. मी गाडी काढून बसतो."

त्याने फोन आपटला. तिने तरीही निरोप टाकला आणि कट्ट्यावर ठळक अक्षरांत लिहिलं. 'तेलकट, शेगडी लगेच बंद करा, शटर उघडा, बाहेर या.' खाली कुणीतरी विचारलं, 'ताई, तुमचं खातं कुणी हॅक केलंय का?'

पत्ता कुणाकडे असेल? तिने डोकं खाजवलं, येरझारा घातल्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई दारातून डोकावल्या, "बरं नाही का तुला?" तेवढ्यात तिला सुचलं. मागे हायड्रोजनवाल्याने तेलकटकडून एक जुना पंप नेला होता, स्वतः जाऊन. त्याचा नंबर होता तिच्याकडे.

हायड्रोजनवाला बँकेत होता आणि कुजबुजत बोलत होता. "पत्ता असा नाही माहीत, ताई. त्याने मला खुणा सांगितल्या होत्या. टेकडीच्या खालची गल्ली, फरशीच्या दुकानाला लागून निळं शटर. वर त्याचं घर. काय झालं? भांडण झालं का?"

"नंतर सांगते."

तिने ठिणगीला खुणा कळवल्या. तो जवळच राहत होता. मग अग्निशमन दलाला फोन लावला.

"आग कुठे लागली आहे?"

"लागलेली नाही."

"मग?"

"लागू शकते. एक जण बंद गराजमध्ये इंधन बनवतोय."

"तुम्ही तिथे आहात का?"

"नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

'ज्याला मी सकाळी हाकललं त्याने,' असं ती म्हणणार होती. "एका इंजिनिअरांनी," ती म्हणाली, आणि तो कारखान्यातल्या माणसाचा किस्सा तिने एका दमात सांगून टाकला. पलीकडची बाई जरा थांबली. मग म्हणाली, "खुणा परत सांगा. पाठवते कुणाला तरी."

डॉक्टरीणबाईंना उरलेले पेशंट सोपवून ती व्हॅन घेऊन निघाली. नवऱ्याने त्या दिवशी सायकल नेली होती म्हणून व्हॅन तिच्याकडे होती. ती व्हॅन कधीच घाई करत नसे. दर सिग्नलला ती मनातल्या मनात ठिणगीशी भांडत होती. नीट बोलला असतास तर? चार शब्द बरे वापरले असतेस तर मी पुढचं वाचलं असतं ना? आणि पुढच्या सिग्नलला स्वतःशी, तीन ओळी वाचल्यास आणि थांबलीस, चौथी वाचायला काय झालं होतं? मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कळलं, सिग्नल केव्हाच सुटला होता.

टेकडीखालच्या गल्लीत शिरल्यावर तिला आधी आरडाओरडा ऐकू आला. फरशीच्या दुकानासमोर रस्त्यावर एक तरुण बाई उभी होती, कडेवर लहान मुलगी, मुलीच्या एकाच पायात बूट. आणि ती बाई स्वेटर घातलेल्या एका म्हाताऱ्या माणसाची हजेरी घेत होती.

"लाज नाही वाटत? गॅसची तपासणी म्हणे! ओळखपत्र दाखवा म्हटलं तर लायब्ररीचं कार्ड दाखवता?"

तो म्हातारा म्हणजे ठिणगी. नंतर कळलं ते असं. तो आधी शटरवर गेला होता. शटर बडवल्यावर तेलकटने ते हातभर वर केलं, कोण आहे विचारलं, आणि ठिणगी म्हटल्यावर म्हणाला, "काका, तुम्हाला काढलंय ना कट्ट्यावरून? इथे येऊन तमाशा नका करू, प्लीज." आणि शटर खाली ओढून आतून कडी घातली. मग ठिणगी जिना चढून वर गेला. आयुष्यात कधी कुणाशी गोड न बोललेला तो माणूस घंटी वाजवून म्हणाला होता, "ताई, त्रास देतो, माफ करा. गॅसगळतीची तपासणी आहे. बाळाला घेऊन पाच मिनिटं खाली येता का?" ती, म्हणजे तेलकटची बायको, आली होती. खाली फरशीच्या दुकानदाराकडून त्याने दोन बादल्या पाणी भरून घेतलं होतं. त्या बादल्या त्याच्या पायाशी होत्या.

"सायलेन्सर का तुम्ही?" तो म्हणाला. "तुमचं ऐकेल तो. जा, बोला त्याच्याशी. गोड बोला. शेगडीला हात लावू नको म्हणावं, नुसता बाहेर ये."

ती शटरपाशी गेली. फटीतून कसला तरी गोडसर, डोक्यात चढणारा वास येत होता.

"तेलकट? मी सायलेन्सर. सायलेन्सरताई."

आत भांड्याचा आवाज थांबला. "ताई? तुम्ही इथे? अरे वा!"

"जरा बाहेर येता का? दोन मिनिटं. काही आवरू नका, कशाला हात लावू नका, तसेच या."

"ताई, आत्ताच ओतायला घेतलंय, मध्ये सोडलं तर घाणा बिघडेल. तुम्हीच आत या ना, बघा कसा रंग आलाय!"

"मला तुमच्याशी बोलायचंय. महत्त्वाचं आहे." तिचा आवाज चिरका झाला. मग ती जन्मात कुणावर ओरडली नव्हती तशी ओरडली. "बाहेर ये म्हणते ना, गाढवा!"

कडी सरकली. शटर वर गेलं. चष्म्यावर वाफ धरलेला, कपाळावर घाम आलेला तिशीतला एक माणूस हसत दारात उभा राहिला. त्याला वाटलं होतं ती थट्टा करतेय. त्याच्यामागे मोठं भांडं, त्याखाली शेगडी, आणि शेजारी जमिनीवर अर्धी भरलेली बादली. वारा आत घुसला आणि बादलीवरची वाफ शेगडीकडे लोटली गेली.

धप्प असा आवाज झाला. कुणीतरी जड गादी जमिनीवर आपटावी तसा. जाळ असा काही दिसलाच नाही. दिसला तो फक्त तेलकट. तो बाहीवर हात मारायला लागला, गोल फिरायला लागला, आणि त्याच्या तोंडून शब्द निघेना. त्याची बायकोसुद्धा बघत राहिली, काय करतोय हा? हवा नुसती थरथरत होती, उन्हात डांबरावर थरथरते तशी.

"पेटलाय तो!" ठिणगी ओरडला. त्याने एक बादली उचलून तेलकटच्या अंगावर रिकामी केली. "दुसरी! त्याच्यावर घाल! भांड्यावर नको, तेल आहे त्यात! त्याच्यावर!"

तिने दुसरी बादली ओतली. त्याला दोघांनी काखेत धरून रस्त्याच्या पलीकडे ओढलं. मागे आतल्या पुठ्ठ्यांनी पेट घेतला आणि मग कुठे डोळ्यांना दिसेल अशी पिवळी आग उभी राहिली. ती छताला चाटायला लागली. छताच्या वर ते घर होतं.

अग्निशमनची गाडी आली तेव्हा ठिणगी रस्त्यात बसून तेलकटला शिव्या घालत होता. मूर्ख, नालायक, बिनडोक, बायकापोरांचा वैरी. आणि हे म्हणताना त्याने त्याचा भाजलेला हात दुकानदाराने आणलेल्या पाण्याच्या धारेखाली इतका अलगद धरला होता, की जणू तो हात काचेचा होता. तिने त्याला थांबवलं नाही.

गराज गेलं. वरच्या घराची फरशी तापून तडकली, पण घर वाचलं. तेलकटचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि भुवया गेल्या. हात वाचेल, बोटं पूर्वीसारखी वळायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर ती आणि ठिणगी बसले होते. तेलकटची बायको मुलीला कुणा मैत्रिणीकडे पोचवून परत आली. तिच्या अंगावर अजून घरातलेच कपडे होते. ती या दोघांसमोर उभी राहिली.

"तुम्ही लोक ना," ती म्हणाली, "तुम्ही सगळे त्याला टाळ्या वाजवत होतात. मला दाखवायचा तो रोज. बघ, किती छान माणसं आहेत, किती आपुलकीने बोलतात. त्या छान माणसांपैकी एकाने तरी विचारलं का, की बाबा रे, वर कोण राहतं?"

"यांनी विचारलं होतं," सायलेन्सर ठिणगीकडे बघत म्हणाली. "मी पुसून टाकलं."

बायकोने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग ती आत गेली.

ठिणगी स्वेटरच्या ओल्या बाह्या पिळत होता.

"एक विचारू?" शेवटी ती म्हणाली. "तुम्ही सरळ शब्दांत सांगितलं असतंत तर? त्या ताईंशी बोललात तसं. येतं की तुम्हाला."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"बघा की. फोन आहे ना हातात?"

तिने फोन काढला आणि मागे मागे जात राहिली. बॅटरीवाले आणि तेलवाले यांच्या हाणामारीतून वाट काढत ती त्या विषयाच्या सुरुवातीपर्यंत पोचली. तिथे होतं ते. 'नमस्कार. घरी बायोडिझेल करताना मेथेनॉल उघड्या ज्योतीजवळ आणू नये, अशी विनंती. कुणाला सविस्तर माहिती हवी असल्यास आनंदाने देईन.' खाली एकही उत्तर नव्हतं. थोड्या दिवसांनी परत, 'पुन्हा आठवण करून देतो.' त्यालाही उत्तर नाही. त्याच्या वर आणि खाली लोक एकमेकांच्या उरावर बसले होते. कोण कुणाला विकला गेलाय, कुणाला इंजिनातलं काय कळतं, यावर. आणि तिथे ती स्वतः होती, दर चार ओळींनी. 'कृपया सभ्य भाषा वापरा.' त्या नमस्काराकडे तिचंही लक्ष गेलं नव्हतं. त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं ना.

"तिसऱ्यांदा मी त्याला गाढव म्हटलं," ठिणगी म्हणाला. "त्या शिवीला पन्नास लोकांनी उत्तरं दिली. मला वाटलं चला, निदान आता वाचतात तरी. मग चेवच आला मला." त्याने बाही खाली ओढली. "तसा चेव मला आधीपासूनच यायचा म्हणा. बायको असताना ती आवरायची."

त्याची गाडी त्या गल्लीतच राहिली होती, म्हणून ती त्याला व्हॅनमधून घरी सोडून आली. वाटेत तो व्हॅनच्या आवाजाबद्दल बोलला. तिसरा इंजेक्टर गळतोय, म्हणाला, इतकी वर्षं चालवताय आणि ऐकू येत नाही?

दुसऱ्या दिवशी तिने कट्ट्यावर सगळं लिहिलं. काही लपवलं नाही. मी पूर्ण वाचलं नाही, मी काढून टाकलं, आणि त्या माणसाला बाहेर काढल्यामुळेच दारात त्याचं कुणी ऐकलं नाही. ठिणगीचं लिखाण तिने परत लावलं, शिव्यांच्या जागा कोऱ्या ठेवून. लोक हळहळले. तास दोन तास कट्टा सुतकात असल्यासारखा होता. मग एका बॅटरीवाल्याने लिहिलं, 'म्हणूनच सांगत होतो, मोटर बसवा.' तेलवाल्याने विचारलं, 'तुमच्या बॅटऱ्या काय बर्फाच्या असतात का?' आणि गाडी पुन्हा मूळ रुळावर आली. कुणी म्हणालं, आता सगळ्यांनाच शिव्यांची मुभा का? कुणी म्हणालं, सायलेन्सरताईंनी हे काम सोडावं. तिलाही तसं वाटत होतं. राजीनाम्याची ओळ तिने दोनदा लिहिली आणि पुसली. काम सोडलं तर ते नमस्कार कोण वाचणार?

तिने ठिणगीला फोन केला. "तुमची शिक्षा मागे घेतेय. या परत."

"का?"

"का म्हणजे? तुमचं बरोबर होतं."

"गाढव म्हटलं होतं ना त्याला?"

"म्हटलं होतं."

"मग? आठवडा आहे ना, आठवडा होऊ दे. नियम म्हणजे काय खेळ आहे? आणि ते इंजेक्टरचं बघून घ्या." फोन आपटला.

नवरा शेजारीच उभा होता. "काय म्हणतो?"

"रागावला माझ्यावर. शिक्षा कमी केली म्हणून."

पुढचे दिवस तिचे वाचण्यातच गेले. पूर्वी ती तक्रार आली की कट्टा उघडायची. आता तक्रार नसलेलं वाचायला लागली. जिथे उत्तर नाही, जिथे कुणी भांडलेलं नाही, तिथे जाऊन थांबायला लागली. कुणी डिझेलची टाकी वेल्डिंग करणार होता आणि ती आतून धुवायची का असं हळूच विचारत होता. कुणी चार्जर पलंगाखाली ठेवला होता. ती ज्याला कळतं त्याला फोन करायची, उत्तर लिहायला लावायची. एकदा चार्जरवाल्याबद्दल विचारायला तिने ठिणगीलाही फोन केला. त्याने उत्तर सांगितलं आणि मला अजून बोलायची परवानगी नाही, तुमच्या नावाने टाका, म्हणाला. जेवताना ताटाशेजारी फोन. नवरा म्हणायचा, "अगं, घास तरी गिळ." ती घास गिळायची आणि वाचायची. सगळं वाचणं कुणालाच शक्य नाही, हे तिला कळत होतं.

तेलकट डाव्या हाताने टाइप करायला लागला होता. पूर्वीसारखं लाघवी नाही, तुटक. 'बरा आहे. तेल बंद. काकांना नमस्कार सांगा.'

ठिणगीचा आठवडा संपल्यावर एके दुपारी कट्ट्यावर एक नवं नाव दिसलं, वरचा मजला. पहिलंच लिखाण होतं.

'मी तेलकटची बायको. मला तुमच्या इंजिनात रस नाही. पण तो इथे येणार, हे मी थांबवू शकत नाही, म्हणून मीही आले. इथे घरगुती प्रयोग सांगणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे: तुमच्या गराजच्या वर, मागे, शेजारी कोण झोपतं? त्यांना माहीत आहे का? सांगता येत नसेल तर तुमचा तो मधासारखा रंग घाला चुलीत. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी आपल्या घरात बाटली ठेवून दाखवावी. लाज वाटली पाहिजे तुम्हाला.'

खाली ठिणगीचं उत्तर होतं. 'बरोबर बोललात, ताई.' हायड्रोजनवाल्याने लिहिलं होतं, माझ्या गराजच्या वर माझी आई झोपते, तिला आज सांगतो.

आणि एक तक्रार. 'नवीन सदस्य. भाषा अपमानास्पद. कृपया कारवाई करावी.'

ती दवाखान्यात होती, पुढचा पेशंट दारात उभा होता. तिने त्याला हाताने बसायची खूण केली. वरच्या मजल्याचं लिखाण तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग तक्रार करणाऱ्याने आजवर काय काय लिहिलंय ते उघडलं. त्याच्याही गराजचे फोटो होते, तेलाचे पिंप, शेगडी, मागे कपडे वाळत घातलेले, त्यांत लहान मुलाचे मोजे. तिने तक्रार बाजूला सारली आणि त्याला लिहिलं, 'तुमचा फोन नंबर द्याल का? बोलायचं आहे.'

उत्तर येईना. पेशंट खाकरला. तिने फोन बाहेर टेबलावर ठेवला, आत जाऊन मऊ अस्तराचं जड दार ओढून घेतलं, त्याच्या कानाला यंत्र लावलं. पहिला बारीक आवाज सोडताना तिचे डोळे काचेपलीकडच्या फोनवरच होते.